काठीसारख्या पोराचं कोलेस्टेरॉल

रक्तात कोलेस्टेरॉल वाढलं की रक्त घट्ट होतं, तुपकट होतं, असं बहुतेकांना वाटतं. आमच्याकडे रुजू होणाऱ्या नव्या टेक्निशियनलाही तसंच वाटतं, म्हणून मी त्याला पहिल्याच आठवड्यात दोन बल्ब शेजारी धरून दाखवते. दोन्ही सेंट्रिफ्यूजमधून नुकतेच काढलेले. तळाशी गोठलेलं लाल रक्त, मधे जेलचा पांढुरका थर, वर सीरम. एकातलं सीरम दुधासारखं, दुसऱ्यातलं नितळ, फिकट सोनेरी, पलीकडचं बोट दिसावं असं. कोलेस्टेरॉल कशात जास्त, असं विचारलं की बोट हमखास दुधाळ बल्बकडे जातं. पण तो दुधाळपणा ट्रायग्लिसराइड्सचा. हाच बल्ब रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर कधीकधी सकाळी वर सायीसारखा थरही धरतो. एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे मुख्य कण, फार बारीक. ते तिपटीने वाढले तरी प्रकाश अडत नाही, सीरम नितळच राहतं. म्हणजे नुसतं बघून काही कळत नाही, मोजावंच लागतं. आणि मोजण्यासाठी आधी कुणाला तरी शंका यावी लागते. लहान मुलांच्या बाबतीत नेमकी तीच येत नाही.

मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री विभागात काम करते. आमची रुग्णांशी गाठ क्वचित, आमच्यापर्यंत येतात ते बारकोड चिकटवलेले बल्ब. त्यात लहान मुलाचं लिपिड प्रोफाइल दुर्मीळ, त्यामुळे तसा फॉर्म आला की मी वय आणि पाठवणारा विभाग बघते. अंगावर सूज असलेलं, लघवीतून प्रथिनं जाणारं नेफ्रॉटिकचं मूल असेल तर कोलेस्टेरॉल 400 च्या घरात असलं तरी कुणी दचकत नाही. मूळ दुखणं मूत्रपिंडाचं, ते आटोक्यात आलं की आकडाही उतरतो. थायरॉइड मंद असेल तरी कोलेस्टेरॉल चढतं आणि गोळी सुरू झाली की खाली येतं. अलीकडे वजन वाढलेली मुलं येतात, त्यांच्याबद्दल पुढे सांगते. आणखी एक प्रकार मला पुस्तकातून माहीत होता. तो प्रत्यक्षात आला त्वचारोग विभागाकडून. (कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा नऊ-दहा वर्षांचा. गुडघ्यांवर, कोपरांवर, टाचेच्या मागे पिवळसर गाठी. घरच्यांनी चामखीळ समजून घोड्याचा केस बांधून पाहिला होता, मग चुना आणि पापडखार लावून झाला होता. त्या जागी कातडी जळल्याचे डाग होते, गाठी होत्या तिथेच. त्वचेच्या ओपीडीत एका तरुण रेसिडेंट मुलीने त्याची बोटं फाकवून बघितली. बोटांच्या बेचक्यातही तसेच पिवळे चट्टे होते. बेचक्यातला असा चट्टा दुसऱ्या कशात जवळजवळ दिसतच नाही. तिने फॉर्मवर 'झँथोमा?' असं लिहून त्याला आमच्याकडे धाडलं. त्या प्रश्नचिन्हाचं मला आजही कौतुक वाटतं.

मशीनने आकडा द्यायचं नाकारलं. कोलेस्टेरॉल आमच्या रीएजंटच्या मापाच्या वर गेलं होतं. टेक्निशियनने सलाइनमध्ये सीरम पातळ करून पुन्हा लावलं, मग मी माझ्या हाताने पुन्हा लावलं. एकूण कोलेस्टेरॉल 712, ट्रायग्लिसराइड्स 98, एचडीएल 31. फ्रीडवाल्डचं सूत्र (एकूणातून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा, 1972 पासून जगभरच्या कित्येक लॅब याच हिशेबावर चालत आल्या आहेत) लावलं तर एलडीएल 660 च्या वर. या वयाच्या मुलाचं एलडीएल 110 च्या आत असावं. सीरम अर्थातच नितळ होतं.

असा रिपोर्ट नुसता सिस्टीममध्ये टाकून द्यायचा नसतो. मी खाली गेले. मुलगा बाकावर बसून वेफर्स खात होता, शेजारी आई आणि आजी. त्याचं वजन वयाच्या मानाने कमीच असावं. आजी म्हणाल्या, "मॅडम, पोरगं तर काठीवानी हाय. मटण आठवड्यातनं एकदा, तूप तर त्याला आवडत बी न्हाई. ह्याला कोलेस्टेरॉल आलं कुठनं?"

त्या हे विचारत होत्या तेव्हा त्यांच्या दोन्ही पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, पिवळे पट्टे दिसत होते.

आमचा भाग उसाचा, त्यामुळे मी समजावते ते असं. हंगामात कारखान्याचे वजनकाटे चालू असले की उसाच्या गाड्या येतात, वजन होतं, गव्हाणीत रिकाम्या होतात. काटे निम्मेच चालू असले तर गाड्यांची रांग यार्डाबाहेर, पार हमरस्त्यापर्यंत लागते. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण उचलून घेणारे रिसेप्टर म्हणजे हे काटे. आईकडून आलेला जनुक बिघडलेला आणि वडिलांकडून आलेला चांगला असेल तर निम्मे काटे चालतात, एलडीएल जन्मापासून दुप्पट. दोन्हीकडून बिघडलेलाच आला तर काटा जवळपास बंद. शेतात ऊस किती पिकला, म्हणजे मूल खातं काय, याचा या रांगेशी संबंध थोडाच. पथ्याने अशा मुलाचं एलडीएल फार तर दहा-पंधरा टक्के हलतं.

वैद्यकात याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, बोलताना आम्ही एफएच. गाठी, कोलेस्टेरॉल आणि तरुणपणीचा हृदयविकार ही तिन्ही एकाच घराण्यात चालत येतात, हे ऑस्लोच्या कार्ल म्युलर यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस मांडलं. बिघाड रिसेप्टरचा आहे हे डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी अशाच रुग्णांच्या कातडीतल्या पेशी वाढवून दाखवलं, त्याबद्दल 1985 चं नोबेल त्यांना मिळालं. एक जनुक बिघडलेला माणूस साधारण अडीचशेत एक सापडतो. आमच्या रुग्णालयाच्या ओपीडीत रोज जितकी माणसं केसपेपर काढायला उभी राहतात, त्यात असे कित्येक असणार. दोन्ही जनुक बिघडलेलं मूल मात्र काही लाखांत एक. पण ज्या समाजांत मामाची मुलगी करायची पद्धत आहे तिथे हा हिशेब बदलतो. नवरा-बायकोच्या सामाईक आजोबा-आजींतल्या एकाचा बिघडलेला जनुक दोन वाटांनी खाली येतो आणि एका पाळण्यात भेटतो.

विचारलं तर आई-वडील मामे-आते भावंडंच. आजींनी सख्ख्या भावाची मुलगी सून करून आणली होती. तो भाऊ चाळिशी ओलांडल्यावर गेला. रात्री छातीत भरून आलं, गॅस झाला म्हणून सोडा घेतला, पहाटे संपला. आजींना अजून वाटत होतं की सोडा घ्यायला उशीर झाला.

मी त्याच दिवशी सगळ्यांचं रक्त मागितलं. उपाशीपोटीच पाहिजे असं नाही, पहिल्या चाळणीला जेवल्यावरचंही चालतं. आजी, आई, तेरा वर्षांची बहीण तयार झाल्या. वडील ट्रकवर होते, ते आठवड्याने आले आणि दंडाला पट्टा बांधेपर्यंत म्हणत राहिले, "आजारी पोरगा हाय, माझं कशाला बघताय?" त्यांचं एलडीएल 238 निघालं. वय चौतीस, दिवसाला बिडीचे दोन कट्टे. मुलाचा रिपोर्ट आला नसता तर या माणसाचं रक्त पुढची दहा वर्षं कुणी तपासलं नसतं, आणि ती दहा वर्षं त्याच्याकडे होतीच असं नाही.

या कुटुंबानंतर वर्षभरातच आमच्या एका एमडीच्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी विषय निवडला: कोलेस्टेरॉल वाढलेल्या मुलांच्या रक्तातले, हृदयविकाराचा धोका दाखवणारे घटक. मार्गदर्शक मी. यादी भारदस्त होती. एचएस-सीआरपी, होमोसिस्टीन, अपोबी, अपोए-1, लायपोप्रोटीन-ए आणि रक्तवाहिनीच्या अस्तरावरून सुटून रक्तात येणारे चिकट रेणू, म्हणजे आयकॅम, व्हीकॅम, ई-सिलेक्टिन. विचार चुकीचा नव्हता. धमनीचा आजार बालपणीच सुरू होतो हे नक्की आहे. अमेरिकेत लुइझियानातल्या बोगालुसा गावात 1970 च्या दशकापासून मुलांचा पाठपुरावा केला गेला. त्यांतली जी तरुण पोरं अपघातात वगैरे गेली त्यांच्या धमन्या तपासल्या, तर ज्यांच्यात धोक्याचे घटक जास्त त्यांच्या धमन्यांत चरबीचे पट्टेही जास्त होते. हे 1998 मध्ये प्रसिद्ध झालं. मग हा छुपा आजार रक्तात एखादी खूण सोडत असेल आणि ती दहाव्या वर्षीच हाती लागली, तर हवीच की.

अडचणी सुरू झाल्या त्या टेबलावर. एवढ्या तपासण्यांना जास्त रक्त लागतं, आणि लहान मुलाची आई बल्ब मोजते. "मॅडम, चार कशाला?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच: दोन तुमच्या मुलासाठी, दोन आमच्या अभ्यासासाठी. संशोधनात सात वर्षांपुढच्या मुलाला स्वतःलाही विचारावं लागतं. एका पोरीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अभ्यास तुमचा, सुई मला?" तिचं रक्त आम्ही तिच्या तपासणीपुरतंच घेतलं.

सीआरपीची गंमत वेगळी. हे यकृतात तयार होणारं प्रथिन, शरीरात कुठेही दाह असला की वाढतं. साध्या सीआरपीने न्यूमोनियासारखी मोठी आग दिसते. एचएस, म्हणजे अतिसंवेदनशील पद्धत, धमनीच्या भिंतीतली बारीक धगही टिपते असा त्याचा लौकिक. मोठ्या माणसांत लिटरला 1 मिलिग्रॅमच्या खाली धोका कमी, 3 च्या वर जास्त, असं धरतात. 10 च्या वर गेलं तर अंगात दुसरं काहीतरी शिजतंय म्हणून आकडा बाजूला ठेवून पुन्हा रक्त घ्यायचं. आता शाळकरी पोर घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये वर्गातली निम्मी नाकं गळत असतात. दात किडलेला, गुडघा फुटून पिकलेला, कानात ठणका. आमच्या विद्यार्थ्याने फॉर्मवर 'गेल्या दोन आठवड्यांत सर्दी-ताप?' असा रकाना घातला आणि पावसाळाभर त्याला जवळपास सगळीकडे 'होय' मिळालं. सहाएक आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं की आकडा निम्मा किंवा दुप्पट. हे यंत्राचं अपयश नव्हतं, सीआरपीचा स्वभावच चंचल. त्या मानाने एलडीएल फार सरळ. आज 190 असेल तर पुढल्या महिन्यात 180 ते 205 च्या दरम्यान कुठेतरी भेटतं.

होमोसिस्टीनसाठी बर्फ लागतो. रक्त काढल्यावर बल्ब तसाच ठेवला तर लाल पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात आणि आकडा आपोआप फुगतो. म्हणून बर्फाच्या पेल्यातून पळत आणायचं, लगेच फिरवायचं, प्लाझ्मा वेगळा करायचा. एवढा आटापिटा करून आकडे चढे आलेच, पण ते कोलेस्टेरॉल वाढलेल्या आणि न वाढलेल्या, दोन्ही गटांत. कारण बी-12. आपल्याकडे बी-12 ची कमतरता किती खोलवर आहे हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांपासून अभ्यास करत दाखवलं आहे, आणि बी-12 कमी की होमोसिस्टीन जास्त, हे समीकरण ठरलेलं. मुलाला बी-12 द्यायला हवं, जरूर द्यावं, पण ते त्याच्या रक्तासाठी आणि नसांसाठी. मोठ्या माणसांत जीवनसत्त्वं देऊन होमोसिस्टीन उतरवून पाहिलं गेलं, हृदयविकाराचे झटके त्याने घटले नाहीत.

आणि ते चिकट रेणू. त्यांची एलायझा प्लेट 96 खड्ड्यांची, महाग, म्हणून पुरेशी सॅम्पल जमेपर्यंत सीरम उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं. एका मे महिन्यात भारनियमन आणि जनरेटरचं डिझेल संपणं एकाच रात्री जमून आलं. सकाळी फ्रीझरचा भोंगा वाजत होता आणि विद्यार्थी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसला होता. काही सॅम्पल वितळली, ती अभ्यासातून काढली.

प्रबंध झाला, मंजूरही झाला. गटाची सरासरी काढली तर एफएचच्या मुलांत काही खुणा थोड्या वर होत्या, इतर ठिकाणी झालेल्या अशा अभ्यासांत दिसतं तसंच. पण त्या दोन गटांचे आकडे आलेखावर टिंबांनी मांडले की एकमेकांत पार मिसळून जात. समोर बसलेल्या एकाच मुलाचा व्हीकॅम हातात घेऊन त्याच्या आईला काय सांगायचं? काहीच सांगता येत नाही. गटाबद्दल खरं असलेलं एका पोराबद्दल खरं ठरेलच असं नाही, आणि आमच्या रिपोर्टवर नाव एकाच पोराचं असतं. अशा खुणांवर संशोधन व्हावं, त्यांतूनच आजाराची रीत कळते. मात्र त्या तपासणीच्या दरपत्रकात घालण्याची घाई मला पटत नाही. हल्ली 'कार्डियाक रिस्क पॅकेज' मुलांनाही सुचवलं जातं. मुलांच्या सीआरपीसाठी हृदयाचा धोका सांगणारी सर्वमान्य रेषा नाही, तरी रिपोर्टवर मोठ्यांची रेषा छापून येते. आई-बाप हबकतात आणि पुढच्या तपासणीचे पैसे भरतात.

यादीतल्या दोन गोष्टींना मात्र मी मान देते.

एक अपोबी. एलडीएलच्या प्रत्येक कणावर हे प्रथिन एकच असतं, म्हणून अपोबी मोजणं म्हणजे कण मोजणं. काठीसारख्या एफएचच्या पोरात त्याने नवं काही कळत नाही, एलडीएल जे सांगतं तेच ते सांगतं. पण वजन वाढलेल्या, पोट सुटलेल्या मुलात एलडीएल बऱ्याचदा साळसूद दिसतं, 105-110. ट्रायग्लिसराइड्स चढलेली आणि एचडीएल पडलेलं असतं, कण बारके आणि संख्येने जास्त. तिथे अपोबी खरी गर्दी दाखवतं. तेही परवडत नसेल तर एकूणातून एचडीएल वजा करा. उरेल ते नॉन-एचडीएल, मुलांत 120 च्या आत हवं, 145 आणि वर म्हणजे जास्त. याला एक पैसाही जादा लागत नाही. या मुलांत सीआरपीही वर असतं, कारण पोटाची चरबी स्वतःच दाहाचे निरोप यकृताला पाठवते. ते कमी करायला वजन उतरवावं लागतं, आणि वजन उतरवा हे सांगायला सीआरपी लागत नाही. ज्याचं वजन डोळ्यांना दिसतं त्या मुलावर सगळे ओरडतात, बिचारं रोज वडापावावरून बोलणी खातं. बारक्या पोराकडे कुणी बघत नाही.

दुसरी लायपोप्रोटीन-ए. नॉर्वेच्या कारे बर्ग यांनी 1963 मध्ये ती शोधली. एलडीएलच्याच कणाला आणखी एक शेपटीसारखं प्रथिन जोडलेलं. ती किती असणार हे जवळजवळ पूर्ण जन्मानेच ठरतं, लहानपणी एकदा स्थिर झाली की पथ्य, व्यायाम, स्टॅटिन, कशालाच फारशी दाद देत नाही. भारतीय उपखंडातल्या लोकांत ती गोऱ्यांपेक्षा जास्त आढळते. पालक विचारतात, उतरवता येत नाही तर मोजायची कशाला? रास्त प्रश्न. एफएचच्या दोन भावंडांत एकाची लायपोप्रोटीन-ए 12 आणि दुसऱ्याची 95 असेल (50 च्या वर जास्त धरतात), तर दुसऱ्याच्या एलडीएलबाबत ढिलाई करायची नाही, एवढं त्यातून कळतं. शिवाय ती आली कुणाकडून, हे बघायला पुन्हा आई-वडिलांकडेच जावं लागतं. आयुष्यात एकदा मोजली तरी पुरते, दर सहा महिन्यांनी मोजणारे पैसे वाया घालवतात.

माझी खरी तक्रार यापेक्षा साध्या गोष्टीची आहे, रिपोर्टच्या उजव्या रकान्याची. 'नॉर्मल रेंज' म्हणून तिथे जे छापतात ते मोठ्या माणसांचं असतं. एकूण कोलेस्टेरॉल 200 पर्यंत ठीक, ट्रायग्लिसराइड्स 150 पर्यंत ठीक. सात वर्षांच्या मुलाची ट्रायग्लिसराइड्स 75 च्या आत हवीत. ती 140 आली तरी संगणक त्यावर खूण करत नाही आणि डॉक्टरची नजर पुढे सरकते. त्या मुलाच्या तेरा वर्षांच्या बहिणीचंच एक जुनं कार्ड घरी होतं. दोन वर्षांपूर्वी टायफॉइडमध्ये तालुक्याच्या गावी कुठल्याशा लॅबने सगळं एकदम तपासलं होतं. एलडीएल 158, शेरा 'बॉर्डरलाइन'. तापात एलडीएल खाली जातं, त्यामुळे तो आकडा मुळात खराही नव्हता. आमच्याकडे तिचं 204 आलं, तेही वयात येण्याच्या काळात, जेव्हा ते दहा-वीस टक्क्यांनी आपसूक उतरतं. मी आमच्या सॉफ्टवेअरवाल्याच्या मागे लागून वयानुसार रेंज छापून घेतली. त्याला ते काम अर्ध्या दिवसाचं होतं, त्याने पाच महिने लावले.

मुलाला स्टॅटिन आणि इझेटिमाइब सुरू झालं. पण स्टॅटिनचं काम चालतं रिसेप्टर वाढवून, आणि याच्याकडे धड रिसेप्टरच कमी. एलडीएल 660 वरून 450 पर्यंत आलं आणि तिथेच अडलं. टू-डी एकोमध्ये महाधमनीची झडप जाडावलेली दिसली. अशा मुलांसाठी रक्तातून एलडीएल गाळून काढण्याची सोय असते, दर एक-दोन आठवड्यांनी, तीही मोठ्या शहरात. नवी इंजेक्शनं आहेत, ट्रक चालवणाऱ्या बापाच्या आवाक्याबाहेरची. 1984 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला स्टॉर्मी जोन्स नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला याच आजारासाठी हृदय आणि यकृत दोन्ही बसवलं होतं. नवीन यकृताबरोबर चालू काटे आले आणि हजारावरचं कोलेस्टेरॉल कोसळलं. ती 1990 मध्ये गेली, नव्या हृदयाला शरीराने नाकारल्यामुळे. मुलगा आता पुण्याच्या डॉक्टरांकडे असतो, निधीसाठी ट्रस्टांचे अर्ज आमच्या समाजसेवा विभागाने भरून दिले आहेत.

बहिणीचं सोपं होतं, आणि तिथेच जास्त वाद झाला. एकच जनुक बिघडलेला, गोळी एक, स्वस्त, आणि तिने एलडीएल 130 च्या आत आणता येतं. आईला ती नको होती. पोरीला जन्मभराची गोळी, उद्या सोयरीक जुळवताना सांगायचं काय? मी तिला नेदरलँड्समधला अभ्यास सांगितला. 2019 मध्ये छापून आलेला, एफएचच्या 214 मुलांना लहानपणीच स्टॅटिन सुरू करून वीस वर्षं पाठपुरावा केलेला. त्या मुलांत वयाच्या 39 व्या वर्षापर्यंत हृदयविकाराची घटना एक टक्क्यात घडली. त्यांच्याच आजारी आई-वडिलांत, ज्यांना त्या वयात ही गोळी मिळाली नव्हती, 26 टक्क्यांत. आईने ऐकून घेतलं. टक्केवारीने तिचं मन वळलं असं मला वाटत नाही. ती शेवटी म्हणाली, "म्हणजे माझ्या बापाला ही गोळी असती तर." गोळी सुरू झाली. मूल व्हायच्या वेळी ती थांबवावी लागते, हेही तेव्हाच सांगून ठेवलं.

पण आईची एक अट होती. रिपोर्टवर 'आनुवंशिक' हा शब्द नको. आणि आजींचा त्याहून अवघड प्रश्न होता. मुलीला तिच्या मामाच्या घरी द्यायचं लहानपणापासून बोलून ठेवलेलं. आता ते मोडायचं का? मी म्हटलं, आजी, पोर तेरा वर्षांची आहे, लग्नाचं राहू द्या. आधी मामाला आणि त्याच्या मुलाला घेऊन या. त्यांना हे अपमानासारखं वाटलं. माहेरच्या माणसाला रक्त तपासायला चल म्हणून कसं सांगायचं? आमच्याच विभागात यावरून दोन तट पडले. एका सहकाऱ्याचं म्हणणं, लॅबने नातेवाइकांना फोन करायचा नसतो, आपलं काम रुग्णाच्या हातात कागद देण्यापर्यंत. नियमाने ते बरोबर आहे. मी आजींना चिठ्ठी लिहून दिली, त्यात आजाराचं नाव न घालता फक्त 'घरातल्या सर्वांचं कोलेस्टेरॉल पाहावे' एवढंच. वरून तोंडी तीनदा बजावलं.

ते आले दिवाळीनंतर. मामा, त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा आणि बरोबर आजी, चहासुद्धा न घेता. मुलाचं एलडीएल 92. मामांचं 251. मामांचं वय त्रेचाळीस, त्यांचे वडील चव्वेचाळीस पूर्ण व्हायच्या आत गेलेले. आजींनी आधी पोराचं विचारलं. पोराचं उत्तम आहे, म्हटलं, आणि मामांना तसंच ईसीजीच्या रांगेत उभं केलं.